नाल्याच्या दोन्ही काठांचे पाहुणे

विदर्भभरातून आलेले संस्थांचे कार्यकर्ते आणि मागच्या रांगांत बसलेले शेतकरी बंधू-भगिनींनो,

यवतमाळच्या कमलेश्वराच्या लोहाऱ्यात, नाल्यांच्या कामासाठी भरलेल्या या मेळाव्यात स्वागत समितीतर्फे तुमचं मनापासून स्वागत. मागे बसलेल्यांनी कृपया पुढे यावं. नाला तुमच्या धुऱ्यावरून वाहतो, आमच्या कार्यालयांतून नाही.

2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली आणि यवतमाळ शहर टँकरच्या मागे धावलं. जुलै 2023 मध्ये याच जिल्ह्यात, महागाव तालुक्यात, पुरात अडकलेल्यांसाठी हेलिकॉप्टर मागवावं लागलं. पाणी धरून ठेवणारे काठ आपण कधी गमावले, हे विचारायला याहून योग्य जिल्हा कुठला?

काठ फक्त पाण्याचे नसतात. टिपेश्वर अभयारण्यातला ‘वॉकर’ वाघ 2019 मध्ये नाल्यांच्या काठानं, शेतांतून, रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यातल्या कॉलरनं त्याची सुमारे तीन हजार किलोमीटरची भटकंती नोंदवली. त्याला तालुक्याच्या हद्दी ठाऊक नव्हत्या. आपल्याला त्या फारच ठाऊक आहेत: लोहारा आता नगर परिषदेत, आजूबाजूच्या गावांत ग्रामपंचायती, मधे कुठे वनविभाग.

अशा हद्दी ओलांडून संस्थांनी एकत्र काम केल्याचं उदाहरण दूर शोधायला नको. पाणी फाउंडेशनच्या ‘वॉटर कप’ या गावागावांच्या जलसंधारण स्पर्धेत प्रशिक्षण त्यांचं, श्रमदान गावाचं आणि 2018 मध्ये पुरेसं श्रमदान करणाऱ्या गावांना मशीन भारतीय जैन संघटनेची. कोणी काय करायचं ते आधी ठरलेलं होतं. एरवी मात्र एकाच बंधाऱ्यावर तीन फलक, आणि गाळ काढायच्या वेळी एकही माणूस नाही, असंच मी जास्त पाहिलंय.

पोकलेनबद्दलही बोलतो, रागावू नका. मुरमाच्या थरापर्यंत खोदलं तर पाणी मुरतं. खालचा अभंग काळा पाषाण फोडून फारसं हाती लागत नाही. काठचे करंज, उंबर, अर्जुन तेवढे जातात. त्यांची मुळं गेली की दरड ढासळते आणि पुढच्या पावसाळ्यात खणलेलं पुन्हा भरतं. म्हणून काम पाणलोटाच्या माथ्यापासून सुरू व्हावं आणि मशीन सगळ्यात शेवटी यावी.

उद्घाटन झालं की ठराव लिहायला बसू नका. नकाशे घेऊन आधी नाल्यावर चला. कुठल्या तुकड्याची देखभाल कोणती संस्था आणि कोणतं गाव पाच वर्षं करणार, ते तिथेच ठरवू. परतल्यावर रोडगे आणि वांग्याची भाजी तयार आहे.