सेवांचा खुला व्यापार

व्यापार म्हटला कीं कापसाचे गठ्ठे, साखरेचीं पोतीं आणि बंदरांत लागलेल्या बोटी डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु श्रोते हो, पेढीचा हिशेब, विम्याची हमी, वैद्याचा उपचार व टेलिफोनची जोडणी हीं कांहीं पोत्यांत भरतां येत नाहींत. तरीहि त्यांचा व्यापार देशोदेशींच्या सीमा ओलांडून चालतो. हा व्यापार खुला झाला असतां विकसनशील देशाच्या पदरांत काय पडतें, हें भारताच्या उदाहरणावरून पाहणें उद्बोधक होईल.

१ जानेवारी १९९५ रोजीं जागतिक व्यापार संघटना अस्तित्वांत आली आणि सेवांच्या व्यापाराचा करारहि त्याच दिवशीं अमलांत आला. या करारानें सेवेच्या चार वाटा मानल्या आहेत. पहिलींत सेवा तेवढी जाते, माणसें जागींच राहतात. बंगळूरचा तरुण लंडनच्या पेढीचें काम घरच्या गांवीं बसून करतो. दुसरींत गिऱ्हाईक सेवेकडे येतें. परदेशचा रोगी शस्त्रक्रियेसाठीं चेन्नईस उतरतो. तिसरींत परकीय भांडवल येऊन येथें पेढी थाटतें. चौथींत सेवा करणारा मनुष्य स्वतःच परदेशीं जातो.

तिसऱ्या वाटेचें फळ टेलिफोनमध्यें स्पष्ट दिसतें. एके काळीं टेलिफोनसाठीं अर्ज करून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. १९९४ च्या धोरणानें खाजगी कंपन्यांना व परकीय भांडवलाला वाव मिळाला. ३१ जुलै १९९५ रोजीं देशांतील पहिलें मोबाइल संभाषण झालें, तेव्हां दर मिनिटास १६ रुपयांच्या घरांत होता आणि आलेल्या हाकेचेहि पैसे पडत. १९९७ सालीं दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झालें. स्पर्धा वाढली, दर कोसळले. केरळच्या किनाऱ्यावरील कोळी बोटींतूनच ठिकठिकाणचे भाव विचारून मग योग्य तें बंदर गांठूं लागले, आणि विक्रीअभावीं मासळी फुकट जाण्याचें थांबलें.

मात्र हें यश केवळ दार उघडल्याचें नव्हे. दारावर रखवालदार बसविल्याचेंहि आहे. आयुर्विम्याचा धंदा १९५६ पासून आयुर्विमा महामंडळाच्या हातीं होता. १९९९ च्या कायद्यानें तो खुला करतांना परकीय भांडवलाचा वांटा आरंभीं शेंकडा २६ ठेविला. तो २०१५ सालीं ४९ व २०२१ सालीं ७४ केला. शिवाय नव्या कंपन्यांनीं कांहीं व्यवसाय खेड्यांतहि केला पाहिजे, असें बंधन घातलें. दार टप्प्याटप्प्यानें उघडल्यामुळें घरच्या संस्थेस सावरण्यास अवधि मिळाला.

चौथ्या वाटेवर मात्र श्रीमंत राष्ट्रांचें औदार्य आटतें. भांडवलाला दारें सताड उघडा, असें सांगणारीं हींच राष्ट्रें माणसांची वेळ आली कीं मोजदाद करूं लागतात. अमेरिकेनें कुशल परदेशी कामगारांच्या एका प्रमुख परवान्याची वार्षिक मर्यादा ६५,००० व तेथील उच्च पदवीधरांसाठीं आणखी २०,००० एवढीच ठेविली आहे. परवान्यांच्या वाढीव शुल्काविरुद्ध भारताला २०१६ सालीं व्यापार संघटनेकडे तक्रार न्यावी लागली. गरीब देशाजवळ विकण्याजोगें मुख्य धन म्हणजे माणसांचें कसब. त्याच मालावर जकात सर्वांत जड आहे.

परंतु सर्व दोष परक्यांच्या माथीं मारून भागत नाहीं. भारताच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग सेवांतून येतो. पण काम करणाऱ्या दहांपैकीं सुमारें तिघांनाच तेथें जागा मिळते. पहिल्या वाटेनें परदेशचें काम आलें तें इंग्रजी व गणित शिकलेल्यांच्या हातीं. आणि तें शिक्षण १९५१ पासून सरकारी पैशानें उभारलेल्या तंत्रसंस्थांनीं दिलें होतें. ज्या शेतमजुराच्या मुलानें शाळा अर्धवट सोडली, त्याच्या वांट्यास त्याच काचेच्या इमारतीच्या फाटकावरील पहारा येतो.

म्हणून खुल्या व्यापाराचें माप किती कंपन्या आल्या यावरून घेऊं नये. फाटकावरील त्या पहारेकऱ्याचा मुलगा पुढें त्या इमारतींत कामासाठीं प्रवेश करूं शकतो कीं नाहीं, यावरून घ्यावें. तें व्यापाराच्या करारांत लिहिलेलें नसतें. तें गांवच्या शाळेंत ठरतें.