जवसाचं कूट

साखरेचा त्रास असला की भाकरी कमी करा म्हणतात. पण पोट कशानं भरायचं? आपल्या विदर्भात जवस पिकतो, तो चटणीपुरताच का ठेवायचा?

अख्खा जवस न पचताच निघून जातो, म्हणून भाजून कुटा. चमचाभर कुटात तीन चमचे पाणी घालून दहा मिनिटं ठेवा. अंड्यासारखं चिकट होतं. त्यात किसून पिळलेला दुधी, थोडं बेसन, कांदा, तिखट-मीठ घाला नि तव्यावर लहान थालीपीठं थापा. अंड्याशिवाय मोडत नाहीत.

कूट आठवड्यापुरतंच करा, खवट होतं. दिवसाला एक-दोन चमचे पुरे, वर पाणी भरपूर प्या. आणि साखरेच्या गोळ्या चालू असताना भाकरी एकदम सोडू नका बरं. साखर उतरून चक्कर येते. आधी डॉक्टरांना विचारा.