गच्चीवरचा बंब थंड पडला तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला काहीतरी घरोपयोगी बोलावयास सांगितले, तेव्हा प्रथम माझ्या मनात कैरीच्या लोणच्याचा विषय होता. परंतु लोणचे तुम्हां सर्वांनाच माझ्याहून बरे जमते. म्हणून आमच्या सौर बंबाची हकीगत सांगते. तीत माझी थोडी फजिती आहे, ती ऐकून घ्या.

2022 सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट. मुलगी बाळंतपणाला आलेली, बाळ बारा दिवसांचे. एके सकाळी आतल्या न्हाणीत गरम पाण्याची चावी सोडली तर पाणी नुसते कोमट. दुसऱ्या दिवशीही तेच. बाहेर ऊन तर रखरखीत! मी सूनबाईला म्हटले, “तू रात्री कपडे धुऊन सगळे पाणी संपवलेस.” ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला उठून मागच्या पडवीत जुना तांब्याचा बंब पेटवू लागली. धुराने तिचे डोळे लाल झालेले मला दिसत होते. पण माझा हेका काही सुटला नाही. शेजारच्या वहिनी कुंपणावरून विचारीत, “तुमचो बंब मेलो काय गे?”

चार दिवसांनी दुरुस्तीवाला आला. त्याने अंगणातूनच वर पाहिले, नळ्या निकामी झाल्या म्हणाला आणि सगळे नवे बसवायचा असा आकडा सांगितला की आमच्या ह्यांनी चहाचा कप खालीच ठेवला.

त्या रात्री माझ्या भाचीचा जर्मनीहून फोन आला. तिकडे थंडी कडाक्याची, म्हणून घराच्या जमिनीखालीच नळ्या पसरून त्यांत गरम पाणी खेळवतात. कल्पना जुनीच आहे. रोमन लोक भट्टीची ऊब फरशीखालून फिरवीत, आणि कोरियात चुलीचा धूर जमिनीखालून नेऊन खोली उबदार ठेवण्याची रीत होती. तर भाचीच्या घरची जमीन एकदा अशीच गार पडली होती. नळीत हवा अडकली होती, एवढेच. तिने विचारले, “मावशी, पाणी जोराने येते की थेंब थेंब?” मी म्हटले, “जोराने.” “मग हवा नव्हे. वर टाकीतून निघणारा नळ हाताला गरम लागतो का, ते पाहा.”

सकाळी सूनबाई गच्चीवर चढली आणि लगेच ओरडली. हात भाजता भाजता वाचला होता! म्हणजे सूर्यनारायण आपले काम चोख करीत होता. ऊब वाटेतच कुठे तरी मरत होती.

इथे यंत्राची रचना थोडी सांगते. काळ्या नळ्यांत तापलेले पाणी हलके होऊन वर टाकीत चढते, थंड पाणी जड म्हणून खाली नळ्यांत उतरते. पंप नाही, वीज नाही. टाकीच्या वरच्या भागातून गरम पाणी घरात येते आणि तेवढेच थंड पाणी खालून टाकीत शिरते. हे थंड पाणी शिरते त्या नळावर एक चावी असते. भाचीने ती बंद करून स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा नळ सोडावयास सांगितले. नवे पाणी शिरेना की गरम नळाची धार थोड्याच वेळात मंदावून थांबली पाहिजे. आमची धार मात्र भरभरून वाहतच राहिली! मग हे पाणी येत होते कोठून?

शोध सूनबाईने लावला. मागच्या न्हाणीत मी मुलीच्या केस धुण्यासाठी लांब नळीचा हातशॉवर बसवून घेतला होता. त्याच्या मुठीतच बटण असते. गुडघ्यामुळे मला वाकवत नाही, म्हणून मी थंड आणि गरम दोन्ही चाव्या उघड्याच ठेवून नुसते बटण दाबून पाणी बंद करीत असे. तोंड बंद, चाव्या उघड्या. त्यामुळे थंड पाणी त्या जोडातून गरम नळात शिरे आणि घरभर मिसळे. दोन चाव्या फिरवल्या, आणि दहा मिनिटांत आतल्या न्हाणीत कढत पाणी!

मी सूनबाईपुढे गेले, पण शब्द फुटेना. शेवटी म्हटले, “माझे चुकले गो.” ती म्हणाली, “आई, बाळाचे पाणी काढू ना?”

आता धार बारीक झाली किंवा नळ फुसफुसू लागला, तर मात्र हवा समजावी. वादळात वीज जाऊन वरची टाकी रिकामी झाली की असे हमखास होते. टाकी भरून घ्यावी आणि सर्वांत खालचा गरम नळ पूर्ण सोडून ठेवावा. तरीही न सुटल्यास हातशॉवरचे तोंड बंद करून दोन्ही चाव्या थोडा वेळ उघडाव्यात. थंड पाणी उलटे चढून हवा ढकलते. आमची खोडी इथे औषध होते, ही गंमतच!

काचेच्या नळ्या असतील तर खालच्या टोकाचा चंदेरी डाग पाहावा. तो पांढरा पडला असेल तर काचेच्या दोन थरांमधली पोकळी गेली. तेवढीच नळी बदलावी. रिकाम्या, तापलेल्या नळ्यांत भर दुपारी थंड पाणी कधीही सोडू नका, काच तडकते. आपल्याकडे समुद्राचा खारा वारा आहे, काचेवर मिठाचा पापुद्रा बसतो आणि लोखंडी घडवंची गंजते. पंधरवड्यातून एकदा सकाळी, ऊन तापण्यापूर्वी, गोड्या पाण्याने काच धुवावी. माडाची सावली वाढली आहे काय तेही पाहावे. आत विजेची कॉइल असेल तर तिला घरच्या कोणी हात लावू नये, मेन स्विच बंद करून वायरमनलाच बोलवावे.

आषाढ-श्रावणात मात्र ह्या बंबाकडून फारशी आशा ठेवू नका. जुना तांब्याचा बंब मी मोडीत घातलेला नाही.

थंड पाण्याची ती चावी प्रत्यक्ष पाहावयाची असेल त्यांनी चहानंतर आमच्याकडे यावे. गच्चीवर मला चढवत नाही, सूनबाई दाखवील.