परतीच्या वाटेवरचा पट्टा



15 सप्टेंबर हा दिवस देशभर अभियंता दिन म्हणून साजरा होतो. नागपूरकरांचे या दिवसाशी विशेष नाते आहे. येथे 1960 साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच विश्वेश्वरय्यांनी 1903 साली पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर आपोआप उघडणारी दारे बसविली आणि धरणाला धोका न पोचविता पाण्याचा साठा वाढविला. धरण सर्वांना दिसते, दारांकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. आजचा विषय असाच लक्षात न येणाऱ्या एका योजनेचा आहे आणि तो आपल्या कोळशाशी निगडित आहे.

कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण 1973 मध्ये पूर्ण झाले आणि 1975 पासून वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय नागपुरात आहे. कामठी, उमरेड, सावनेर या परिसरात खाणी आहेत. शहराच्या वेशीवर कोराडीला 660 मेगावॅटचे तीन संच आहेत, पलीकडे खापरखेड्याचे केंद्र आहे. खाणीतला कोळसा ट्रकने आणला की रस्ता उखडतो, धूळ उडते आणि अपघात होतात. म्हणून लांब पल्ल्याचा कन्व्हेअर, म्हणजे रोलरवरून धावणारा रबरी पट्टा, हा उत्तम पर्याय ठरतो. मेघालयातील खाणीतून बांगलादेशातील छातकच्या सिमेंट कारखान्यापर्यंत चुनखडी नेणारा असा पट्टा 17 किलोमीटर लांबीचा असून तो आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडतो. पश्चिम सहारातील बू क्राच्या फॉस्फेट खाणीपासून समुद्रापर्यंतची पट्ट्यांची मालिका तर शंभर किलोमीटरच्या घरात जाते. त्या मार्गावर वाऱ्याने उडालेल्या खनिजाची पांढरी रेघ उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसते. मार्गावर काय सांडते, याचा हिशेब पृथ्वी ठेवते, तो असा!

पट्ट्याचे काम पाहताना आपली दृष्टी भरलेल्या वरच्या बाजूवर खिळते. खाणीच्या टोकाला कोळसा पट्ट्यावर पडतो, केंद्राच्या टोकाला पट्टा पुलीवरून वळताना कोळसा खाली उतरतो आणि रिकामा पट्टा खालच्या अंगाने परत निघतो. रिकामा म्हणायचे इतकेच! पुलीपाशी खरवडणाऱ्या पात्या असल्या, तरी ओला चुरा पट्ट्याला चिकटून राहतो. पावसाळ्यात त्यात चिखल मिसळला, तर विचारूच नका. पुलीवरून वळल्यामुळे पट्ट्याची ही मळकी बाजू आता खाली आलेली असते आणि परतीच्या प्रत्येक रोलरला तीच घासत जाते. परतीचे रोलर साधारणतः तीन मीटरवर एक, असे धरले, तर पाच किलोमीटरच्या मार्गावर ते सोळाशेहून अधिक भरतात. प्रत्येक रोलरवर चुऱ्याची पुटे चढतात, रोलरचा गोलपणा जातो, पट्टा एका बाजूला सरकतो आणि त्याच्या कडा सांगाड्यावर घासू लागतात. खाली शेतात, ओढ्यात, रस्त्यावर कोळसा गळत राहतो.

गळलेला कोळसा कुणीतरी उचलावा लागतो. चालत्या पट्ट्याखाली हात घालू नये, हा नियम फलकावर लिहिलेला असतो. पण पट्टा थांबला म्हणून वीज केंद्राची भूक थांबत नाही. मग हाती फावडे घेतलेला एखादा कामगार चालत्या पट्ट्याखाली वाकतो. रोलर आणि पट्टा यांच्या चिमट्यात फावडे सापडते, त्यामागोमाग हात ओढला जातो. सेकंदाला चार-पाच मीटर धावणारा पट्टा हात सोडवून घ्यायला अवधी देत नाही. या विषयातील खरे मोल हे आहे. ते खर्चाच्या तक्त्यात दिसत नाही.

यावरचा उपाय ऐकायला अगदी साधा आहे. कोळसा टाकून झाल्यावर, परतीची वाट सुरू होताच पट्टा स्वतःभोवती अर्धा फिरवून पालथा करावयाचा. म्हणजे मळकी बाजू वर आणि स्वच्छ बाजू रोलरवर! खाणीकडच्या पुलीच्या अलीकडे त्याला पुन्हा अर्धा फेरा द्यायचा, म्हणजे तो मूळ स्थितीला येतो. यालाच टर्नओव्हर म्हणतात. जुन्या पिठाच्या गिरणीत दोन चाकांमधला पट्टा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरविलेला ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. एकच अर्धा फेरा देऊन दोन्ही बाजू आळीपाळीने वापरण्याची युक्तीही निघाली होती. तिचे पेटंट 1957 साली अमेरिकेत देण्यात आले. परंतु लांब पल्ल्याच्या पट्ट्याला वरच्या बाजूने रबराचा जाड थर असतो, खालचा थर पातळ असतो. तिथे कोळसा नेमक्या त्या जाड बाजूवरच पडला पाहिजे. म्हणून फेरे दोन लागतात.

मग अडचण कुठे आहे? कागदाची एक लांब पट्टी घ्या आणि तिला अर्धा पीळ द्या. हातांतले अंतर लांब असेल, तर पट्टी सहज फिरते. अंतर कमी करा, लगेच कडा ताणल्या जातात आणि मधला भाग चुरगळतो. कडेला मध्यापेक्षा लांबची, नागमोडी वाट चालावी लागते, हे त्याचे कारण. पट्टा 1.2 मीटर रुंद आहे आणि 12 मीटरमध्ये तो पालथा करावयाचा आहे, असे समजू. कडेला सुमारे 15 सेंटिमीटर अधिक अंतर पडते, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास ताण. तीच लांबी 24 मीटर केली, तर हा ताण सुमारे 0.3 टक्क्यावर येतो. लांबी दुप्पट, ताण चतुर्थांश! आत पोलादी दोर असलेला पट्टा फारच थोडा ताणला जातो. म्हणून त्याला जागा अधिक लागते. उलट पट्ट्यातला एकंदर ताण कमी पडला, तर मधला भाग ढिला होऊन दुमडतो. पट्टा सुरू होताना आणि थांबताना हा ताण वर-खाली होतो. तेव्हा केवळ नित्याच्या चालीचा हिशेब करून भागत नाही. रुंद पट्टा उभा होताना स्वतःच्याच वजनाने कोसळू नये, म्हणून मधोमध उभे रोलर देऊन त्याला आधार द्यावा लागतो. शिवाय पहिल्या फेऱ्यातच बराच चुरा झडतो. त्याखाली तो गोळा करण्याची आणि माणसाने सुरक्षितपणे उचलण्याची सोय हवी.

दुसरा मार्ग पाइप कन्व्हेअरचा आहे. त्यात पट्टा नळीसारखा गुंडाळला जातो आणि परतीच्या वाटेवरही मळकी बाजू आत राहते. कोराडी आणि खापरखेडा येथील केंद्रांना जवळच्या खाणींतून अशा पद्धतीने कोळसा पोचविण्याची योजना महानिर्मितीने हाती घेतली. मार्ग वेगळा असला, तरी तत्त्व एकच आहे: नेताना जितकी काळजी, तितकीच परतताना.

दुर्दैवाने कात्री लागते ती नेमकी याच जागेला. नकाशावर टर्नओव्हरची ती वीस-पंचवीस मीटर जागा मोकळीच दिसते. काटकसरीच्या बैठकीत कुणीतरी ती निम्मी करते आणि बचत कागदावर चांगली शोभते. पुढे मात्र पट्ट्याच्या कडा फाटतात, मध्यभाग दुमडतो आणि अखेर टर्नओव्हरच काढून टाकला जातो. मग वर्षानुवर्षे कोळसा गळतो आणि फावडे घेतलेला माणूस पट्ट्याखाली वाकत राहतो. सांगाडा उभा राहिल्यावर ही जागा नव्याने निर्माण करता येत नाही. ती पहिल्याच रेखाटनात राखून ठेवावी लागते.

म्हणून आज अभियांत्रिकी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना एवढेच सांगणे आहे: आराखडा हाती आला, की भरलेल्या पट्ट्याबरोबर रिकाम्या पट्ट्याचाही माग काढा. तो कुठे वळतो, कुठे घासतो, त्याखाली कोण उभे राहणार आहे, हे विचारा. आणि ती वीस-पंचवीस मीटर जागा कुणी मागू लागले, तर हिशेबाचा कागद पुढे ठेवून नम्रपणे, पण ठामपणे नाही म्हणा.