फासा कुणासाठी आणि अडकतो कोण?

(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



भावाचा विषय दुपारी झाला, कर्जाचा आत्ताच झाला. आता जरा हलका वाटेल असा विषय घ्यायचा आहे. हलका म्हणतो खरा, पण तुमच्या वावरातल्या उत्पन्नातला किती वाटा यात जातो ते तुम्हीच घरी जाऊन मोजा. विषय आहे सापळ्यांचा आणि फाशांचा.

या मांडवात चाळिशी ओलांडलेले जे बसलेत, त्यांतल्या कुणाच्या हातात लहानपणी गलोल नव्हती? घोड्याच्या शेपटीचे केस चोरून त्याचे फासे वळायचे, लाव्यांच्या वाटेवर मांडायचे आणि धुऱ्यावर पालथं पडून वाट बघायची. आम्हीही केलं. नंतर शेतकी कॉलेजात गेलो, तिथे सरांनी कीडनियंत्रण शिकवलं, पण सापळा कसा मांडावा हे तिथे शिकलो नाही. जनावर रोज कुठून जातं, वाटेतली नवी वस्तू पाहून ते कसं बिचकतं, त्याला माणसाचा वास कसा लागतो, हे सगळं धुऱ्यावरच शिकलो. ती आमची करमणूक होती, आणि त्या करमणुकीतच पिकाची राखणही होत होती. जवारी चिकात आली की मचाणावर सोकारी उभा राहायचा, गोफणीचा आवाज सूं करत जायचा, भोरड्यांचा थवा उठून पुढच्या वावरात बसायचा, तिथला सोकारी त्याला उठवायचा. गावभर जवारी असायची, त्यामुळे पाखरांचा घास सगळ्यांत वाटला जायचा. आज गावात एखादाच जवारी पेरतो आणि दहा गावची पाखरं त्याच्या एकट्याच्या दोन एकरांवर उतरतात. पुढच्या वर्षी तोही सोयाबीन पेरतो. खरिपाची जवारी का गेली म्हणून विचारणाऱ्यांनी भावाबरोबर हेही लिहून घ्यावं.

पाखरांचं निभावलं असतं. खरी गोष्ट रानडुकराची आणि रोह्याची आहे. जंगल सरकारचं, जनावर सरकारचं, चराई मात्र आमच्या वावरात! रात्रभर जागल करायची, टिनाचे डबे बडवायचे आणि पहाटे डोळा लागला की तासाभरात कळपानं हरभरा उलथून टाकायचा. ज्यानं हे सोसलं नाही त्यानं आम्हाला वन्यजीवांवर प्रेम करायला शिकवू नये.

पण त्यावर आपण काय उपाय काढला? मोटारसायकलचा जुना क्लच वायर घेतला, त्याचा फासा केला, कुंपणाच्या भगदाडात बांधला. नाहीतर कणकेच्या गोळ्यात स्फोटक गुंडाळून बांधावर ठेवलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खांबावरून आकडा टाकून वावराभोवती उघड्या तारेत करंट सोडला. भावांनो, केसाच्या फाशात लावा अडकायचा. क्लच वायरला लावा काय, वासरू काय आणि बिबट काय, सगळं सारखंच. आमच्या स्वतःच्या घरचा कुत्रा असा गेला. फासा शेजाऱ्यानं डुकरासाठी लावला होता. तीन दिवस आम्ही त्याला शोधत होतो आणि तो आमच्याच धुऱ्यावरच्या बोरीखाली होता. शेजारी रडला, आम्हीही रडलो, भांडण कुणाशी करणार?

कुत्र्यावर निभावलं. विदर्भात अशा तारांना चिकटून वाघ मेले, ते पेपरात आलं. त्याच तारांना चिकटून माणसंही मेली, ती आतल्या पानावर दोन ओळींत. पहाटे पाणी द्यायला निघालेला सालदार, गवताचा भारा आणायला गेलेली बाई. तार लावणारा शेतकरी, मरणाराही शेतकऱ्याच्याच घरचा किंवा त्याच्याकडे राबणारा. मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा, कोर्ट, जामीन, वकील. डुकरानं खाल्लेला हरभरा त्या वकिलाच्या फीपेक्षा स्वस्त पडला असता. कुंपणात वीज सोडायचीच तर झटका मशीनची सोडा. त्यात क्षणभराचा झटका बसतो, जनावर पळतं, मरत नाही. खांबावरचा २३० व्होल्टचा करंट ही वेगळी गोष्ट आहे. त्याला कुंपण म्हणू नका.

आता कायद्याचं थोडं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात नुसतं मारणं येत नाही. पकडणं, फासा लावणं, सापळा मांडणं, आमिष दाखवणं, आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, सगळं शिकारच. म्हणजे आमचं निम्मं बालपण गुन्ह्यात जमा! याच कायद्यात पाचवी अनुसूची होती, उपद्रवी प्राण्यांची. तिच्यात कावळा, वटवाघूळ, उंदीर होते. २०२२ च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच काढून टाकली. १ एप्रिल २०२३ पासून उपद्रवी कोण हे केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवतं. रानडुक्कर आणि रोही आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत. पण कलम ११ वाचा. दुसऱ्या अनुसूचीतलं जनावर उभ्या पिकाला धोका झालं असेल, तर लेखी कारणं देऊन त्याच्या शिकारीची परवानगी देता येते. उभं पीक ही मालमत्ता आहे हे कायद्यानंच मान्य केलं आहे. मग परवानग्या मिळत का नाहीत? कारण आपण अर्ज करत नाही. रात्री तार लावतो आणि सकाळी गप्प बसतो. ज्या गावातून नुकसानीचा एकही कागद गेला नाही, त्या गावात साहेबाच्या लेखी डुक्करच नाही.

इथे फासेपारध्यांची आठवण काढली नाही तर आमचं बोलणं अर्धवट राहील. ज्यांच्या जातीच्या नावातच फासा आहे, त्यांना १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला आणि वीस वर्षांनी दुसऱ्या कायद्यानं त्यांचा धंदाच गुन्हा झाला. रानाची इतकी बारीक माहिती आमच्या पदवीत नव्हती. तमिळनाडूत इरुळा लोकांचंही असंच झालं, सापांच्या कातड्याचा धंदा बंद पडला. पण तिथे १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. ते साप धरतात, विष काढतात, साप सोडून देतात, आणि त्या विषापासून सर्पदंशावरची लस बनते. त्याच इरुळांना शेतकरी उंदीर धरायला बोलावतात. मडक्यातला धूर बिळात फुंकून ते उंदीर काढतात, बिळातलं धान्यही काढून घेतात. आपल्याकडे अकोला-वाशीम भागात काही पारधी बेड्यांनी गवताचं रान राखून तित्तर वाढवले. बाकी बेड्यांवर आपण काय करतो? गावात चोरी झाली की पहिलं बोट तिकडे दाखवतो. एवढंच ना?

उंदरांवर आलोच आहोत तर तेच नीट सांगतो, कारण या एका जनावराच्या बाबतीत तुमचा हात कुणी धरलेला नाही. जवारीचं ताट बुडाशी कुरतडून आडवं करतो तो उंदीर, पऱ्हाटीचं बोंड फोडून सरकी खातो तोही उंदीर. घूस तर कणसंच्या कणसं बिळात नेऊन साठवते. मादीला तीन आठवड्यांत पिलं होतात, एका वेताला सहा-आठ. उभ्या पिकात औषध टाकलं तर तो खात नाही. समोर ताजी जवारी असताना तुमचा भरडा कशाला खाईल? त्याला धरायचा उन्हाळ्यात, वावर मोकळं असताना.

संध्याकाळी धुऱ्यावरची सगळी बिळं मातीनं बुजवायची. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच जिवंत, त्यांच्याशीच काम. दोन-तीन दिवस नुसता जवारीचा भरडा तेल चोळून बिळात टाकायचा, त्याला चटक लागू द्यायची. मग ९६ भाग भरडा, २ भाग तेल आणि २ भाग झिंक फॉस्फाईड. मिसळताना काठी वापरा, हात लावू नका. त्यावर उतारा नाही, आणि ओल लागली की विषारी वायू सुटतो. आमिष बिळाच्या आत टाकायचं आणि तोंड बंद करायचं, उघड्यावर टाकलं तर कोंबडी मरेल, पोर मरेल. एकदा अर्धवट विष खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला शिवत नाही, म्हणून लगेच तेच औषध पुन्हा टाकून पैसे घालवू नका. त्या उरलेल्यांसाठी पिंजरा आणि चाप. तेही पहिले दोन दिवस न लावता नुसते ठेवायचे, भाकरीचा तुकडा फुकट खाऊ द्यायचा. धुऱ्यावरच्या जुन्या झाडाच्या ढोलीत घुबड असेल तर त्याला दगड मारू नका. ते अशुभ नाही, बिनपगारी जागल्या आहे. धामणीचंही तेच.

आणि हे एकट्यानं करायचं काम नव्हे. तुम्ही तुमच्या वावरातले मारले आणि शेजाऱ्यानं नाही, तर पाऊस पडेपर्यंत त्याचे तुमच्याकडे राहायला येतात.

पोरांना सापळ्याची हौस असेल तर कामगंध सापळा त्यांच्या हाती द्या. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भाचं काय केलं, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना किती माणसं गेली, ते इथे कुणाला सांगायला नको. एकरी दोन सापळे आणि रोज सकाळी पतंग मोजायचे. एका सापळ्यात आठ पतंग, असं सलग तीन रात्री झालं, तर फवारणीचा विचार. तोवर पंप खाली. आपल्याकडे सापळे वाटले जातात, टांगले जातात, गोळी वाळून जाते आणि मोजत कुणीच नाही. चौथीतलं पोर हे काम करील, आणि गलोलीपेक्षा जास्त मन लावून करील.

तर असं करायचं. गुढीपाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी प्रत्येक गावशाखेनं शिवारातली बिळं बुजवायची आणि सोमवारी सकाळी जिवंत बिळांचा आकडा वहीत लिहायचा. त्याच वहीत दुसऱ्या पानावर डुकरानं आणि रोह्यानं केलेलं नुकसान लिहायचं: गट नंबर, पीक, तारीख. ज्या गावात खांबावरून तार टाकलेली आहे, त्यांनी ती आज रात्री घरी गेल्यावर काढायची. वह्या पुढच्या बैठकीला घेऊन या. दुसऱ्या पानांचे अर्ज करून आपण सगळे मिळून वन खात्याच्या कचेरीत नेऊन देऊ आणि प्रत्येक अर्जाची पोच घेऊ.