कसावा : पीक कुणाचं, कष्ट कुणाचे?

उपवासाला आपण साबुदाणा भिजत घालतो. तो कसावा ऊर्फ टॅपिओका नावाच्या कंदाच्या सत्त्वापासून होतो. आपल्याकडे बराचसा तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. सत्त्व धुऊन काढल्यामुळे तो खायला निर्धोक असतो. आपल्याला हा फराळ. आफ्रिकेत मात्र कोट्यवधी माणसांचं ते रोजचं जेवण आहे.

‘गरिबांचं पीक’ म्हणून कसाव्याचं फार कौतुक होतं. हलक्या जमिनीत येतो, पाऊस चुकला तरी तग धरतो. खरं आहे. पण कडू जातीच्या कंदातून सायनाइड सुटतं, आणि दुष्काळात त्याचं प्रमाण वाढतं. शिवाय काढलेला कंद दोन-तीन दिवसांत खराब होतो. म्हणून तो सोलायचा, काही दिवस भिजवायचा, वाळवायचा, कांडायचा. हे करतं कोण? बहुतेक ठिकाणी बाईच. पिकाच्या हिशेबात तिचे हे दिवस धरलेच जात नाहीत.

ते दिवस कमी पडले की काय होतं? 1981 साली मोझांबिकच्या नांपुला प्रांतात दुष्काळ पडला. इतर पिकं गेली, कडू कसावा उरला. घरात उपाशी पोरं असताना तो नीट वाळेपर्यंत थांबणार कोण? हजाराहून जास्त माणसांचे पाय एकाएकी ताठरले. त्यांत बहुसंख्य बायका आणि मुलं होती. या आजाराला ‘कोन्झो’ म्हणतात. काँगोतल्या याका भाषेत ‘बांधलेले पाय’. तो बरा होत नाही. ताटात पुरेशी प्रथिनं असतील तर शरीर हे विष पचवू शकतं. पण दुष्काळात नुसता कसावाच ताटात होता.

काँगोच्या बांदुंदु भागात तर दुष्काळाचीही गरज पडली नाही. किन्शासाच्या बाजारासाठी घाई झाली आणि तीन दिवसांची भिजवण एक-दोन दिवसांवर आली.

यावर एक साधी रीत निघाली आहे. पीठ पाण्यात कालवून पातळ पसरायचं. दोन तास उन्हात किंवा पाच तास सावलीत ठेवलं की बरंचसं विष उडून जातं. 2010 पासून काँगोतल्या गावांत बायकांना ती शिकवली गेली, आणि त्या गावांत नवे रुग्ण थांबले. पण हेही काम पुन्हा तिच्याच वाट्याला आलं.

म्हणून मैत्रिणींनो, उद्या आपल्या गावात कुणी ‘काटक पीक’ घेऊन आलं, तर एकरी उताऱ्याआधी एवढं विचारा: शेतातून ताटात यायला किती दिवस लागतात, आणि ते दिवस कुणाचे?