मागाहून बदललेल्या सात हजारांचा हिशेब



न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या एका मराठी जोडप्याचं २०२४ सालचं टॅक्स रिटर्न समोर आहे, असं धरू. दोघंही आयटीत, दोघांनाही कंपनीचा ४०१-के. जानेवारीत दोघांनी आपापल्या रॉथ आयआरए या निवृत्ती खात्यात सात-सात हजार डॉलर भरले. पन्नाशीच्या आतल्या माणसाला त्या वर्षी तेवढेच भरता येत होते. पुढे बोनस आला, कंपनीचे शेअर नावावर झाले आणि वर्षअखेर दोघांचं मिळून उत्पन्न २,६०,००० डॉलरवर गेलं. संयुक्त रिटर्न भरणाऱ्यांची रॉथची मुभा २०२४ साली २,३०,००० पासून कमी होत जात होती आणि २,४०,००० ला संपत होती. म्हणजे जानेवारीत भरलेले चौदाच्या चौदा हजार डॉलर वर्षअखेर जादा ठरले. यात कुणी काही लपवलेलं नाही. पैसे आधी भरायचे आणि पात्रता वर्ष सरल्यावर कळायची, अशीच या नियमाची रचना आहे.

भारतातून आलेल्या माणसाला हे चटकन पटत नाही. पीपीएफमध्ये मर्यादा सगळ्यांना एकच, वर्षाला दीड लाख. जास्त रक्कम गेलीच तर तिच्यावर व्याज मिळत नाही आणि ती परत होते. चूक खातं सांभाळणाऱ्या बँकेला दिसते. अमेरिकेतल्या ब्रोकरेजला खातेदाराचं एकूण उत्पन्न ठाऊकच नसतं, त्यामुळे ती पैसे निमूट जमा करून घेते. ‘त्यांनी घेतले म्हणजे चालत असणार’ हा समज इथूनच येतो. ही चूक पहिल्यांदा दिसते ती रिटर्न तयार करणाऱ्याला, आणि म्हणून ती निस्तरण्याची जबाबदारीही त्याच्यापासूनच सुरू होते.

इथे आयआरएचे दोन प्रकार येतात. पारंपरिक आयआरए १९७४ च्या एरिसा कायद्याने आला. रॉथ आयआरए १९९७ च्या कायद्याने आला. डेलावेअरचे सिनेटर विल्यम रॉथ यांचं नाव त्याला मिळालं. भरलेल्या रकमेचा प्रकार मागाहून बदलून घेण्याची, म्हणजे रीकॅरॅक्टरायझेशनची, सोय आजही आहे. २०१७ च्या करसुधारणेने फक्त पारंपरिक आयआरएतून रॉथमध्ये केलेलं कन्व्हर्जन मागे फिरवण्याची वाट बंद केली. या दोन गोष्टींची गल्लत अनुभवी लोकांकडूनही होते.

एडिसनच्या जोडप्यापुढे तीन रस्ते आहेत. जादा रक्कम तिच्यावरच्या नफ्यासह काढून घ्यावी. किंवा ती रीकॅरॅक्टराइज करून पारंपरिक आयआरएमध्ये न्यावी. किंवा तशीच ठेवून दर वर्षी सहा टक्के दंडकर भरावा, म्हणजे प्रत्येकी ४२० डॉलर, रक्कम खात्यात आहे तोवर. पहिल्या दोन रस्त्यांना मुदत आहे. रिटर्न वेळेत भरलेलं असेल तर १५ ऑक्टोबरपर्यंत दुरुस्ती करता येते, मात्र एप्रिलनंतर केली तर सुधारित रिटर्न भरावं लागतं.

पत्नीच्या खात्याकडे नीट पाहण्यासारखं आहे. भरण्याआधी त्यात १४,००० डॉलर होते. सात हजार घालून २१,००० झाले. मार्च २०२५ मध्ये रीकॅरॅक्टराइज करताना खातं २३,१०० वर होतं. वाढ २,१०० ची, म्हणजे दहा टक्के. सात हजारांच्या वाट्याला ७०० येतात. हलवायचे ते ७,७००. नुसते सात हजार हलवले तर दुरुस्ती अपुरी राहते. उलट फॉर्म ८६०६ वर करवजावट न घेतलेली रक्कम म्हणून सात हजारच दाखवायचे, कारण खिशातून तेवढेच गेले. वरचे सातशे हा अजून कर न लागलेला नफा आहे. बाईंचा दुसरा पारंपरिक आयआरए नसेल आणि पुढे त्यांनी सगळे ७,७०० रॉथमध्ये कन्व्हर्ट केले, तर कर लागतो तो या सातशेवर.

आता कागदांचा प्रवास पाहा. २०२४ चा फॉर्म ५४९८ सांगणार की रॉथमध्ये सात हजार आले. तो निघतो मे महिन्याच्या अखेरीस, रिटर्नची मुदत उलटून गेल्यावर. पैसे हलवल्याचा १०९९-आर येणार जानेवारी २०२६ मध्ये. त्यावर रक्कम ७,७००, करपात्र रक्कम शून्य, सातव्या चौकटीत आर हे अक्षर. पारंपरिक खात्यात ही रक्कम आल्याचं २०२५ च्या ५४९८ वर, चौथ्या चौकटीत. एकच घटना तीन कागदांवर आणि दोन सालांत विखुरलेली. आयआरएसच्या दफ्तरात २०२४ पुरतं चित्र उरतं ते एवढंच: उत्पन्न मर्यादेबाहेर आणि रॉथमध्ये सात हजार. मधली गोष्ट सांगतं ते रिटर्नला जोडलेलं निवेदन. ते जोडायलाच हवं, असं फॉर्म ८६०६ च्या सूचना स्पष्ट सांगतात, आणि नेमकं तेच अनेक रिटर्नमध्ये नसतं. सॉफ्टवेअरने कोरी चौकट समोर ठेवली की ती एका ओळीत उरकण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा.

याच बाई पुढच्या वर्षी दुसऱ्या सीपीएकडे गेल्या तर? हातात ७,७०० चा १०९९-आर, मागचं रिटर्न जवळ नाही. नवा माणूस तो आकडा २०२५ च्या उत्पन्नात धरू शकतो. आर या अक्षराचा अर्थच असा की ही नोंद आदल्या वर्षाची आहे. त्याच वर्षात भरून त्याच वर्षात प्रकार बदलला असेल तर अक्षर एन येतं. जादा रक्कम काढून घेतली आणि तिच्यावरचा नफा आदल्या वर्षी करपात्र असेल, तर पी. हे पी प्रकरण जास्त अडचणीचं, कारण नफा २०२४ च्या रिटर्नमध्ये दाखवायचा असतो आणि कागद येतो २०२६ मध्ये. कागदाची वाट न पाहता आकडा ब्रोकरेजकडून मागून घ्यावा लागतो. एक दिलासा आहे: सिक्युअर २.० कायद्याने मुदतीत काढलेल्या अशा नफ्यावरचा दहा टक्के जादा कर रद्द केला.

पतीच्या बाबतीत मात्र रीकॅरॅक्टरायझेशन सुचवण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: जुन्या नोकरीतला ४०१-के आयआरएमध्ये वळवला आहे का? त्यात कर न लागलेले ६३,००० डॉलर असतील आणि नवे सात हजार तिथे येऊन मग सात हजारच कन्व्हर्ट केले, तर सगळे आयआरए एकत्र मोजून करमुक्त हिस्सा दहा टक्केच निघतो. ७०० करमुक्त, ६,३०० करपात्र. अशा माणसाने जादा रक्कम काढून घेतलेली बरी.

पुण्यात हिंजवडीला नोकरी करणाऱ्या अमेरिकन नागरिकाची गोष्ट आणखी वेगळी. तो फॉर्म २५५५ भरून सगळा पगार अमेरिकी करातून वगळतो. वगळलेला पगार आयआरएसाठी कमाई धरला जात नाही. जुन्या अमेरिकी बँक खात्यातून दरमहा रक्कम वळती होत राहिली, तर त्यातला प्रत्येक डॉलर जादा. २०२२ चे ६,०००, २०२३ चे ६,५००, २०२४ चे ७,००० धरले तर दंडकर अनुक्रमे ३६०, ७५० आणि १,१७० डॉलर. तीन वर्षांचे २,२८०. पहिल्या वर्षाचे सहा हजार तीनदा मोजले जातात, म्हणून तो चढत जातो. त्या त्या वर्षाचा फॉर्म ५३२९ भरावा लागतो. भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट फॉर्म १११६ वर घेतलं असतं तर पगार कमाई म्हणून उभा राहिला असता. अशा माणसाचं रिटर्न करताना दोन्ही पर्याय मांडून पाहिलेच पाहिजेत.

‘जुनं आहे, कोण विचारतंय’ हा सल्ला कुणी देत असेल तर तो चुकीचा आहे. फॉर्म ५३२९ भरलाच नसेल तर आयआरएसने दंडकर आकारण्याच्या मुदतीची सुरुवातच होत नाही, असा निकाल टॅक्स कोर्टाने २०११ मध्ये दिला होता. सिक्युअर २.० ने डिसेंबर २०२२ मध्ये हे बदललं. जादा रकमेसाठी रिटर्न भरल्यापासून सहा वर्षांची मुदत ठेवली. सहा वर्षं सहा टक्क्यांनी सामान्य पगारदाराची मोठी रक्कम जाते.

म्हणून रिटर्न तयार करणाऱ्यांसाठी दोन सूचना. क्लायंटच्या प्रश्नावलीत आयआरएमध्ये भरलेल्या रकमेसोबत तारीख आणि कुठल्या वर्षासाठी हेही विचारावं, आणि जूनमध्ये ५४९८ मागवून फाइलला लावावा. दुसरी सूचना निवेदनाची: किती रक्कम, कुठल्या वर्षासाठी आणि कुठल्या तारखेला रॉथमध्ये भरली, कुठल्या तारखेला, नफा किंवा तोटा धरून किती, कुठल्या पारंपरिक खात्यात हलवली, आणि का, हे त्यात सलग चार-पाच वाक्यांत यावं. त्याची प्रत क्लायंटला स्वतंत्र द्यावी, पुढच्या जानेवारीत येणाऱ्या १०९९-आर सोबत ठेवायला सांगून.